गोष्टीतला ऐकणाऱ्याचा वाटा

तपासणीच्या खोलीत तीन माणसं असतात आणि बोलतात दोघंच. डॉक्टर मुलीला विचारतात, "झोप लागते का यांना? जेवण नीट आहे? रात्री उठून फिरतात का?" मुलगी उत्तरं देते. जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती बाई आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहत असते. मध्येच ती काही म्हणायला लागते, वाक्य अर्ध्यावर अडकतं, मुलगी घाईने ते पुरं करते आणि तपासणी पुढे सरकते. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. डॉक्टरांच्या दारात रांग असते, मुलगी थकलेली असते, आईच्या उत्तरावर विसंबता येत नाही हे दोघांना ठाऊक असतं. तरीही अल्झायमरबद्दलचा आपला सर्वांत खोलवर रुजलेला समज मला याच खोलीत दिसतो. तो असा, की बोलणं बिघडलं म्हणजे सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

अल्झायमर भाषेवर घाव घालतो यात शंका नाही. पण भाषेच्या सगळ्या भागांवर तो सारखा घाव घालत नाही. गप्पांच्या ओघात एखादी गोष्ट सांगण्याची माणसाची क्षमता आपल्याला वाटते तितक्या लवकर जात नाही. ऐकणारे आपला वाटा उचलत नाहीत म्हणून ती वेळेआधी बंद पडते. तो वाटा कसा उचलायचा हे शिकवण्याचं काम घरच्यांच्या मायेवर सोडून चालणार नाही. औषधं लिहून देणाऱ्या व्यवस्थेनेच ते आपलं मानायला हवं.

या आजाराची पहिली नोंद मुळात एक संभाषण आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर या बाईंना प्रश्न विचारले आणि मिळालेली उत्तरं लिहून ठेवली. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? आउगुस्टे, मला वाटतं. जेवणात ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाता आहात असं विचारल्यावर म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितलं तर 'श्रीमती' एवढंच लिहून थांबली, पुढचा प्रत्येक शब्द सांगावा लागला. १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी अल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत तिची हकिकत मांडली आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरांचं नाव दिलं. मूळ फाइल पुढे हरवली आणि १९९०च्या दशकात फ्रँकफुर्टमध्येच सापडली.

या उत्तरांकडे चुकांची यादी म्हणून पाहिलं जातं. मला त्यात आणखी काही दिसतं. प्रत्येक प्रश्नाला बाईंनी उत्तर दिलंय, आणि आपली पाळी ओळखून दिलंय. माणसाचं नाव विचारलं तेव्हा माणसाचं नाव सांगितलंय. ताटातल्या पदार्थाबद्दल विचारलं तेव्हा भाजीचं नाव घेतलंय, फक्त वेगळ्या भाजीचं. "मला वाटतं" या दोन शब्दांत तर आपलं उत्तर डळमळीत असल्याची जाणीवही आहे. शब्द हातचा सुटला होता, पण संवाद म्हणजे काय, समोरच्याला आपल्याकडून काय हवंय, हे कळणं शाबूत होतं.

आज याची कारणं बऱ्यापैकी माहीत आहेत. आजाराची झीज बहुतेकांच्या बाबतीत एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस या, नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागांत सुरू होते, म्हणून नव्या घटना मनात टिकत नाहीत. पुढे ती टेंपोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानामागच्या बाजूच्या, इतर भागांत पसरते, तेव्हा शब्दांचे अर्थ आणि नावं सैल होऊ लागतात. एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा, या साध्या चाचणीत ही गळती लवकर दिसते. उच्चार, वाक्याची घडण, बोलण्याची लय मात्र पुष्कळ काळ तग धरतात. त्यामुळे बोलणं ऐकायला सफाईदार आणि आतून रिकामं होत जातं: "ते तिथं ठेवलं ना, मग तो आला, त्यानं ते सगळं केलं, आणि मी म्हटलं असू दे." व्याकरणात एकही चूक नाही, पण कोण आला आणि काय केलं याचा पत्ता लागत नाही. पुढे अल्झायमर झालेल्या आयरिस मर्डॉक या कादंबरीकर्तीच्या लेखनाचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटर गॅरार्ड आणि सहकाऱ्यांनी तिची १९५४ मधली पहिली, १९७८ मधली ऐन बहरातली आणि १९९५ मधली शेवटची कादंबरी शेजारी ठेवून तपासली. शेवटच्या पुस्तकात शब्दसंपदा आक्रसलेली होती, वाक्यरचना मात्र फारशी ढासळली नव्हती. निदान व्हायच्या आधी लिहिलेलं ते पुस्तक होतं.

गोष्ट सांगणं ही नाव सांगण्याहून फार मोठी कसरत आहे. कोण, कुठे, केव्हा हे धरून ठेवायचं, आतापर्यंत काय सांगून झालंय ते लक्षात ठेवायचं, ऐकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे याचा अंदाज घ्यायचा, आणि हे सगळं तोंडाने बोलत असतानाच करायचं. हिप्पोकॅम्पस दुबळा झाला की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट निसटते. 'तो' म्हणजे भाऊ की मुलगा हे सांगणारीच्याही हातून सुटतं. वीस वर्षांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग एकाच संध्याकाळी घडतात. आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू होते, कारण सांगून झाल्याची नोंद मेंदूत झालेलीच नसते. जुन्या आठवणी नव्यांपेक्षा चिवट असतात हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं, म्हणून परत परत येणारी गोष्ट बहुधा तरुणपणातली असते.

पुनरावृत्तीचं हे स्पष्टीकरण बरोबर आहे. पण ते ऐकून लोक तिथेच थांबतात, आणि माझा आक्षेप त्या थांबण्याला आहे. गोष्ट पुन्हा का आली हे त्यातून कळतं. हीच का आली आणि आत्ताच का आली, हे कळत नाही.

माझी मावशी परिचारिका होती. आजारपणात ती एक गोष्ट सांगायची: रात्रपाळी, दिवे गेलेले, डॉक्टर वाटेत अडकलेले, बाळंतपण अडलेलं, आणि ती एकटी. सुरुवातीला गोष्टीत सगळं होतं, डॉक्टरांचं नाव, हातातली बॅटरी, बाळ उशिरा रडलं ते. वर्षभरात नावं गेली. मग गाव गेलं. पुढे बाळाच्या जागी तिचा स्वतःचा धाकटा भाऊ आला, ज्याच्या जन्माच्या वेळी ती पाच-सहा वर्षांची असणार. एक मात्र शेवटपर्यंत जसंच्या तसं राहिलं. "कुणी नव्हतं" म्हणून ती थांबायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "मग मीच केलं." आम्हाला उशिरा लक्षात आलं की ही गोष्ट वाटेल तेव्हा येत नसे. कुणी तिला भरवत असलं, तिच्या ब्लाउजची बटणं लावत असलं, तिच्या देखत तिच्याबद्दल बोलत असलं की ती यायची. अंगावर लहान मुलासारखे हात फिरू लागले की ती आपण कोण होतो ते सांगायची. तिच्याजवळ त्यासाठी दुसरं वाक्य उरलं नव्हतं, ही गोष्ट होती.

विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने रोजच्या बोलण्यातल्या गोष्टींचा अभ्यास करताना एक फरक दाखवून दिला होता. गोष्टीत घटनांचा क्रम असतो, आणि ती सांगण्याजोगी का आहे हे ठसवणारा दुसरा पदरही असतो. आवाजाचा चढउतार, मध्येच घेतलेला थांबा, "काय सांगू तुला" असं म्हणणं, हा तो दुसरा पदर. मावशीच्या गोष्टीतला पहिला पदर विरून गेला आणि दुसरा टिकला. सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असा दावा मी करणार नाही. आजाराच्या वाटा माणसागणिक वेगळ्या असतात. पण घटनांचा क्रम फसला म्हणून आपण ऐकणं सोडलं, तर दुसरा पदर टिकलाय की नाही हे आपल्याला कधी कळणारच नाही.

आता ऐकणाऱ्याकडे वळतो. निरोगी माणसंसुद्धा गोष्ट एकट्याने सांगत नाहीत. जुनं जोडपं प्रवासाची हकिकत सांगतं तेव्हा एक सुरुवात करतो, दुसरी तारीख दुरुस्त करते, पहिला विनोदापर्यंत नेतो आणि शेवट दोघं मिळून करतात. स्वीडनमधले लार्स-क्रिस्टर हिदेन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या अशाच जोडगोष्टींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आजारात या कामाची वाटणी बदलते आणि निरोगी जोडीदाराचा वाटा वाढतो, पण गोष्ट दोघांची राहू शकते, असं त्यातून दिसतं. यातला नाजूक भाग म्हणजे वाटा वाढवणं आणि गोष्ट हिसकावून घेणं यांतली रेघ. "ती शाळा डोंगरावर होती ना?" असं म्हणून पुढचं तिच्यावर सोपवणं हा आधार झाला. "तिला काही आठवत नाही, मी सांगतो," असं म्हणून गोष्ट आपणच संपवली की ती गोष्ट तिची राहत नाही. दुसरं करताना आपण मदतच करतोय असं वाटत असतं, त्यामुळे ते थांबवायला कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

तपशिलातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं काही आपल्या अंदाजाच्या उलट आहे. हळू, शब्द शब्द तोडून बोललं की आजारी माणसाला कळेल, असं बहुतेकांना वाटतं. कॅनडातले जेफ स्मॉल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घरगुती संभाषणं तपासली. सोपी वाक्यं, आजूबाजूचा गोंगाट बंद करणं, हो-नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न यांचा उपयोग झाला. संथ बोलण्याचा झाला नाही. मला हे पटण्यासारखं वाटतं, कारण वाक्य ताणलं की शेवट येईपर्यंत सुरुवात हातून गेलेली असते. लहान मुलांशी बोलतात तसं लाडिक, वरच्या पट्टीत बोलण्याचंही तेच. अमेरिकेतल्या क्रिस्टीन विल्यम्स यांच्या अभ्यासांत दिसलं की शुश्रूषागृहात कर्मचारी असं बोलले की स्मृतिभ्रंश झालेली माणसं आंघोळीला, कपडे बदलायला अधिक विरोध करतात. त्या विरोधाची नोंद 'आक्रमक वर्तन' अशी होते आणि त्यावर औषध दिलं जातं. बोलण्याच्या ढंगाने उभा केलेला प्रश्न गोळीने सोडवायचा, ही गोष्ट मला संतापजनक वाटते.

"ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" हा प्रश्न तर प्रत्येक पाहुणा विचारतो. प्रेमापोटीच विचारतो. पण ती परीक्षा असते, नापास होणार हे माहीत असलेल्या माणसाची, चार लोकांच्या देखत घेतलेली. स्वतःचं नाव सांगून शेजारी बसावं. एवढा साधा बदलही कुणी शिकवला नाही तर होत नाही.

दुरुस्तीचं काय? आई मरून तीस वर्षं झालेली असतात आणि ऐंशीची लेक विचारते, आई अजून आली नाही? काही जण म्हणतात, खरं सांगा, खोटं बोलणं हा अपमान आहे. काही म्हणतात, येतेच आहे म्हणा. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. माझं मत असं, की दर वेळी मृत्यूची बातमी नव्याने देणं हे क्रौर्य आहे, आणि "येतेच आहे" हे वाट पाहायला लावणं आहे, तेही बरं नाही. "आईची आठवण येतेय? काय करायची ग ती संध्याकाळी?" असं विचारलं तर खोटं बोलावं लागत नाही आणि गोष्टीला वाट मिळते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये, अनुभव नाकारणं, घाई करणं, देखत असून नसल्यासारखं वागवणं या रोजच्या वागणुकींची दखल घेतली होती, आणि त्या माणसाचं माणूसपण कसं पोखरतात ते सांगितलं होतं. मेंदूतली झीज आपल्याला थांबवता येत नाही. ही वागणूक थांबवता येते.

पण इथे एक गंभीर अडचण आहे आणि तिला बगल देता कामा नये. सगळंच ऐकून घ्यायचं, काहीच तपासायचं नाही, असं ठरवलं तर आपण आजारी माणसाला वेगळ्या रीतीने वाऱ्यावर सोडतो. "माझे पैसे चोरले" हे या आजारात नेहमी ऐकू येणारं वाक्य आहे आणि बरेचदा पैसे तिने स्वतःच कुठेतरी ठेवलेले असतात. बरेचदा, नेहमी नाही. ज्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्याला लुबाडणं, मारणं सोपं असतं. "तो रात्री येतो आणि ओढतो," असं कुणी म्हणालं आणि 'तो' म्हणून चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचं नाव घेतलं, तर ती काहीही बोलते म्हणून मोकळं होणं सोपं आहे. नाव चुकलेलं असेल, काळ चुकलेला असेल, आणि दंडावरचा वळ खरा असेल. दुखण्याचंही तसंच. पोटात दुखतंय हे सांगायला शब्द नसले की जुन्या कुठल्या तरी आजारपणाची गोष्ट येते. अशा बोलण्यातले तपशील चुकीचे धरूनही तक्रार खरी असू शकते, असं मानून तपास करायची शिस्त शुश्रूषागृहांत, दवाखान्यांत, पोलिसांत हवी. मृत्यूची दुरुस्ती करू नका आणि चोरीची तक्रार तपासा, यात विसंगती नाही. दोन्हीकडे बोलणं अर्थपूर्ण आहे असं गृहीत धरलेलं आहे.

भाषेचा आणखी एक उपयोग सध्या जोरात आहे, तो निदानासाठी. स्वयंपाकघरात भांडी पुसणारी बाई, भरून वाहणारं बेसिन, स्टुलावर चढून बिस्किटं चोरणारा मुलगा, असं एक चित्र भाषा तपासणाऱ्या १९७२ च्या बोस्टन चाचणीपासून जगभर वापरलं जातं. माणूस त्याचं वर्णन करतो आणि आता संगणक त्यातले थांबे, सर्वनामं, अडखळणं मोजतो. रोनाल्ड रेगन यांच्या पत्रकार परिषदांची छाननी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली: अध्यक्षपदाच्या काळात त्यांच्या उत्स्फूर्त उत्तरांत मोघम शब्द आणि 'अं', 'हं' असे भरतीचे आवाज वाढत गेले होते, आपला आजार त्यांनी १९९४ मध्ये जाहीर केला त्याच्या कितीतरी आधी. लवकर निदानाला माझा पाठिंबा आहे. पण माणसाचं सहज बोलणं त्याच्या नकळत तपासलं जाऊ नये, ही अट कायद्यातच हवी. आणि या संशोधनात ओतला जाणारा पैसा बघता, निदान झाल्यानंतरच्या बोलण्यासाठी काय राखून ठेवलंय हे विचारायला हवं.

त्यासाठी करण्याजोगं बरंच आहे. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९०च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या गटांबरोबर एक पद्धत घडवली. आठवा असं म्हणायचंच नाही. एक विचित्रसं चित्र दाखवायचं, हा कोण असेल, कुठे चाललाय, असं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते, अगदी निरर्थक आवाजसुद्धा, गोष्टीत घालायचं, मधूनमधून सगळी गोष्ट वाचून दाखवायची. हा पोरखेळ झाला, मोठ्या माणसांचा त्यात अपमान होतो, असा आक्षेप मी ऐकलाय. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवण्यात जो अपमान होतो त्यापुढे मला तो आक्षेप टिकणारा वाटत नाही, आणि शिवाय कल्पना करणं हा मोठ्यांचाही उद्योग आहेच.

ऐकण्याने आजार मंदावतो असं मी म्हणत नाही. शेवटच्या टप्प्यात शब्द जातात, मग आवाज आणि स्पर्श उरतो, आणि कितीही निष्ठेने ऐकलं तरी ते दिवस येतातच. घरात राबणाऱ्या मुलीवर किंवा सुनेवर आणखी एक कर्तव्य लादायचाही माझा हेतू नाही. तीच गोष्ट दिवसात पंधरा वेळा ऐकून जी ओरडते ती वाईट नाही, ती एकटी आहे. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते, आणि त्यातले ६० ते ७० टक्के अल्झायमरचे. एवढ्या माणसांचं ऐकून घेणं घराघरांतल्या एकेका थकलेल्या बाईच्या सोशिकपणावर चालणार नाही. निदानाबरोबरच वाचाउपचारतज्ज्ञाची भेट ठरायला हवी. आज पक्षाघातानंतर ती सुचवली जाते, अल्झायमरमध्ये क्वचित. घरच्यांना संवादाचं प्रशिक्षण मिळायला हवं, आणि काही तास दुसरं कुणी येऊन ऐकेल अशी सोय. श्रवणयंत्रं तपासून द्यायला हवीत. नीट ऐकूच न येणाऱ्याला आपण पुष्कळदा न समजणारा ठरवतो.

आणि एक काम निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांतच व्हायला हवं: माणसाच्या गोष्टी त्याच्याच आवाजात नोंदवून ठेवणं. नोकरीच्या तारखा आणि आजारांची यादी फाइलमध्ये असतेच. इथे हव्यात त्या वारंवार सांगितल्या जाणाऱ्या चार-पाच गोष्टी, त्यांतली माणसं कोण, कुणाला काय हाक मारायची, कुठे हसायचं असतं, कुठे गप्प बसायचं असतं. ही नोंद त्या माणसाबरोबर दवाखान्यात, शुश्रूषागृहात जायला हवी, म्हणजे रात्री दोन वाजता ती "ताई आली का" असं विचारेल तेव्हा पाळीवरच्या मुलीला ताई कोण हे ठाऊक असेल. कुठली गोष्ट नोंदवायची नाही, कुणाला ऐकवायची नाही, हेही तिने स्वतः सांगायला हवं, कारण वर्षा-दोन वर्षांत तो निर्णय दुसरंच कुणीतरी घेऊ लागतं.